मेळघाटातल्या दरडी आणि बदलता जमीन-वापर : नकाशा काढायच्या आधी

माझा पहिला दरड-प्रवणता नकाशा दिसायला फारच सुंदर होता. अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्हे अख्खे घेतले होते. वर उत्तरेला गाविलगडच्या रांगेत लाल रंग, खाली पूर्णेच्या खोऱ्यात हिरवा. मॉडेलची अचूकता सांगणारा एयूसी नावाचा आकडा ०.९ च्या वर. मी खूश होऊन तो गाइडना दाखवला. त्यांनी दोन मिनिटं पाहिला आणि एकच प्रश्न विचारला : "अकोटच्या कपाशीच्या वावरात दरड कोसळत नाही, हे सांगायला मॉडेल लागतं का?"

त्या प्रश्नात माझा सहा महिन्यांचा हिशेब वाहून गेला. आजचा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे. तुम्ही भूगोल, भूशास्त्र, पर्यावरण किंवा सिव्हिलमधून पीएच.डी.च्या तयारीत असाल आणि "भूस्खलन व जमीन-वापर बदल" हा विषय डोक्यात असेल, तर सॉफ्टवेअर उघडायच्या आधी काय समजून घ्यायचं ते क्रमाने सांगते.

मेळघाटच काहून?

हा प्रश्न मला घरच्यांनीही विचारला. दरडी म्हटलं की आपल्याला सह्याद्री आठवतो, आणि ते बरोबरच आहे. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिथे २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ताच राहिले. मेळघाटात असं काही घडल्याची नोंद माझ्याकडे नाही. इथे पावसाळ्यात परतवाडा–चिखलदरा किंवा परतवाडा–सेमाडोह–धारणी रस्त्यावर दगडमाती येते, वाहतूक अडते, मलबा बाजूला सारला जातो आणि विषय संपतो.

पण जमिनीच्या दृष्टीने पाहिलं तर दोन्ही डोंगर एकाच घरचे. दोन्हीकडे दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाच्या एकावर एक बसलेल्या आडव्या थप्प्या. फरक मुख्यतः पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चिखलदऱ्याला सुमारे दीड हजार, आणि खाली अकोल्यात सातशे-आठशे. म्हणजे मेळघाट हा "कमी पावसाचा सह्याद्री" आहे. संशोधनासाठी ही सोय आहे : पाऊस कमी असताना उतार कुठे आणि कशामुळे सुटतो, हे पाहिलं की माणसाने केलेल्या बदलांचा वाटा वेगळा काढायला जरा सोपं जातं.

डोंगर आतून कसा आहे

चिखलदरा सुमारे १,११८ मीटर उंचीवर, वैराटचं टोक ११७८ मीटर, आणि अकोला शहर जेमतेम २८० मीटरवर. गाविलगडची रांग दक्षिणेला एकदम तुटते आणि पूर्णेच्या सपाटीला भिडते. या तुटलेल्या कडेच्या बाजूने जमिनीतला मोठा भ्रंश जातो, त्याला गाविलगड भ्रंश म्हणतात.

पायथ्याला, अचलपूर-अकोटच्या वरच्या अंगाला, गोटे-दगड-वाळू यांचा जाड पट्टा पसरलेला आहे. भूशास्त्रात त्याला बजाडा म्हणतात. नाल्यांनी हजारो वर्षं डोंगरातून खाली आणून टाकलेला हा माल. म्हणजे डोंगर झिजणं, सुटणं, खाली येणं ही इथली जुनीच रीत आहे. माणसाने ती सुरू केलेली नाही. आपला प्रश्न वेगळा आहे : माणसाच्या हालचालींनी ती कुठे वाढली, आणि तिच्या वाटेत आता कोण उभं आहे?

बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा लाल मातकट पट्टा दिसतो. घाटात गाडी थांबवून कापलेल्या कडेकडे नीट बघा, विटेच्या रंगाची रेघ दिसेल. याला बोल म्हणतात. वरच्या थराच्या फटींतून पाणी खाली मुरतं, या चिकणमातीशी येऊन अडतं आणि आडवं वाहू लागतं. म्हणूनच अशा रेघेवर पावसाळ्यात झरे फुटतात. झरा म्हणजे गावाला पाणी, पण उताराच्या हिशेबात तो इशारासुद्धा असतो : आत पाण्याचा दाब वाढतोय.

उतार टिकतो कसा : एक छोटा हिशेब

उतारावरच्या मातीला खाली ओढणारं बल आणि तिला धरून ठेवणारं बल, या दोहोंचं गुणोत्तर म्हणजे सुरक्षा गुणांक. १ पेक्षा जास्त असेल तर उतार उभा, १ च्या खाली गेला की सुटला. धरून ठेवणाऱ्या बलात दोन भाग : मातीची स्वतःची चिकटण आणि कणांमधलं घर्षण. पाण्याचा दाब घर्षण कमी करतो.

एक काल्पनिक पण शक्य वाटेल असा उतार घेऊ. खडकावर २ मीटर माती, उतार ३० अंश, माती दर घनमीटरला १८ किलोन्यूटन वजनाची, चिकटण ४ किलोपास्कल, घर्षणकोन ३० अंश. ओल्या-कोरड्या मातीच्या वजनातला फरक सोपेपणासाठी सोडून देऊ.

- माती कोरडी : सुरक्षा गुणांक १.२६. उतार उभा.
- पाणी अर्ध्या उंचीपर्यंत चढलं : ०.९८. सुटायच्या बेतात.
- पूर्ण भिजली : ०.७१. सुटला.

आता याच उतारावर झाडं आहेत असं समजा, आणि त्यांची मुळं मातीला आणखी ५ किलोपास्कल चिकटण देतात. अर्धं पाणी असताना गुणांक १.३० होतो आणि पूर्ण भिजल्यावरही १.०३. म्हणजे तोच उतार, तोच पाऊस. एकीकडे दरड, दुसरीकडे काहीच नाही.

हा हिशेब स्वतः करून बघा, वहीत, हाताने. त्यातून आणखी एक गोष्ट कळेल. झाडं न तोडता फक्त उतार ३० चा ४० अंश केला, मुळं धरली नाहीत, तर माती कोरडी असतानाच गुणांक ०.९१ येतो. रस्त्यासाठी डोंगराची टाच कापणं म्हणजे नेमकं हेच. पाऊस यायचीही वाट बघावी लागत नाही.

मुळांच्या बाबतीत एक अट मात्र लक्षात ठेवा. घसरणारा पृष्ठभाग जिथे आहे तिथपर्यंत मुळं पोचली तरच ती उपयोगी. दहा-पंधरा मीटर खोल सुटणाऱ्या दरडीला वरचं जंगल थांबवू शकत नाही. "झाडं लावा, दरड थांबेल" हे वाक्य उथळ घसरणीपुरतं खरं आहे, सगळीकडे नाही.

जमीन-वापर बदलला म्हणजे नेमकं काय बदललं?

बहुतेक प्रबंधांत "जंगल कमी झालं, दरडी वाढल्या" असं एका ओळीत उरकतात. पण "जमीन-वापर" हे उताराला कळत नाही. उताराला चारच गोष्टी कळतात : मुळांची पकड, उताराचा कोन, वरचं वजन आणि पाण्याची वाट. तुमच्या प्रत्येक वर्गाचं भाषांतर या चार गोष्टींत करता आलं पाहिजे.

रस्ता घ्या. तो उताराचा कोन बदलतो हे दिसतं. पण रस्त्याच्या कडेची नाली, मोरी, पाइप हे वरच्या अख्ख्या उताराचं पसरलेलं पाणी गोळा करून एका जागी सोडतात, हे सहसा दिसत नाही. खालच्या बाजूला जिथे पाइपचं तोंड उघडतं तिथे घळ पडलेली असते. रस्त्याच्या वरची दरड सगळे मोजतात, खालची कुणी मोजत नाही.

शेती घ्या. बांध घालून केलेली पायरीची शेती पाण्याचा वेग कमी करते आणि माती धरते. पण पाणी अडवलं म्हणजे ते जिरणार, आणि जिरलेलं पाणी आतला दाब वाढवणार. माळीणनंतर उतारावरच्या सपाटीकरणावर बराच वाद झाला. त्या वादातून संशोधकाने शिकायचं ते असं : त्याच पावसात तसंच सपाटीकरण झालेले इतर उतार उभे राहिले असतील, तर एकट्या सपाटीकरणाने उत्तर पुरं होत नाही. माती किती जाड होती, झरा कुठे होता, पाण्याला बाहेर पडायला वाट होती का, हे बघावंच लागतं.

मेळघाटात उलट दिशेचा बदलही आहे. व्याघ्र प्रकल्पातून कोहा, कुंड, बोरी यांसारखी कोरकू गावं बाहेर हलवली गेली. जुन्या गावठाणांवर आणि वावरांवर आता गवताळ कुरणं आहेत. नकाशात हा बदल "शेतीतून गवत" असा दिसेल. पण न राखलेले बांध फुटले की पाणी कुठून जातं, हे नकाशात दिसणार नाही. चिखलदऱ्यात दुसरीच गोष्ट : पर्यटनासाठी हॉटेलं, पार्किंग, रुंद रस्ते. तिथे कडेच्या जवळ वजन आणि सांडपाणी दोन्ही वाढतंय. एकाच तालुक्यात दोन विरुद्ध बदल. त्यांना एकाच "मानवी हस्तक्षेप" नावाच्या रकान्यात कोंबू नका.

आणि वेळेचं गणित. झाड तोडलं त्या दिवशी मुळं मरत नाहीत. ती कुजायला काही वर्षं लागतात, आणि नव्या झाडांची मुळं पकड घ्यायला त्याहून जास्त. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत तोडीनंतरची साधारण ३ ते १५ वर्षं सर्वांत कच्ची धरतात. तेव्हा २०२१ च्या दरडी २०२१ च्या जमीन-वापर नकाशावर टाकून संबंध शोधलात, तर खरं कारण तुमच्या हातून निसटू शकतं. मागची पंधरा वर्षं बघायला हवीत.

उपग्रहाची प्रतिमा आणि सागाची पानगळ

मागची वर्षं बघायची म्हणजे लँडसॅट. १९८४ पासून ३० मीटरच्या प्रतिमा मोफत मिळतात, २०१५ पासून सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या. इथे मेळघाटात एक खास फसगत आहे. हे सागाचं पानझडी जंगल. ऑक्टोबरमध्ये हिरवंगार, एप्रिलमध्ये नुसत्या काड्या. १९९० ची ऑक्टोबरची आणि २०२० ची एप्रिलची प्रतिमा शेजारी ठेवली, तर अर्धं मेळघाट तुटल्याचा "निष्कर्ष" निघेल. उन्हाळ्यातल्या वणव्याचे काळे डाग त्यात आणखी भर घालतात. म्हणून महिना जुळवा. शक्य तर ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर घ्या. पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, उत्तरेकडच्या उतारांवर सावल्या पडतात, आणि सावली मॉडेलला पाण्यासारखी किंवा दाट जंगलासारखी वाटू शकते. प्रत्येक महिन्याची आपली खोट असते. ती प्रबंधात लिहायची.

उंचीच्या माहितीतही असंच. बहुतेक जण एसआरटीएमची ३० मीटरची उंची वापरतात. ती फेब्रुवारी २००० मध्ये मोजलेली आहे. त्यानंतर रुंद केलेला घाटरस्ता त्यात नाहीच. आणि आठ मीटरची उभी कापणी ३० मीटरच्या चौकटीत सरासरीने विरघळून सौम्य उतार होऊन बसते. मग मॉडेल सांगतं, "सौम्य उतारावर दरडी जास्त कोसळतात." तो डोंगराचा नियम नव्हे, तुमच्या चौकटीचा दोष आहे.

पावसाचा उंबरठा : उसना घेऊ नका

१९८० मध्ये केन या संशोधकाने जगभरच्या उथळ दरडींच्या नोंदी घेऊन एक सूत्र दिलं : तासाला किती मिलिमीटर पाऊस = १४.८२ गुणिले पावसाच्या तासांचा −०.३९ वा घात. आजही ते पुष्कळ प्रबंधांत सापडतं. त्याप्रमाणे २४ तासांचा उंबरठा येतो साधारण १०३ मिलिमीटर, आणि ७२ तासांचा २०१.

आता विचार करा. १०३ मिलिमीटर हा हवामान खात्याच्या भाषेत नुसता "मुसळधार" पाऊस. "अति मुसळधार" ११५.६ पासून सुरू होतो. महाबळेश्वरला जुलैमध्ये असे दिवस नेहमीचे. तिथे हा इशारा रोज वाजेल आणि लोक त्याला कंटाळून कान बंद करतील. चिखलदऱ्याला १०३ मिलिमीटर म्हणजे वर्षाच्या पावसाचा जवळजवळ ७ टक्के, महाबळेश्वरला २ टक्केही नाही. डोंगर आपापल्या नेहमीच्या पावसाला सरावलेला असतो. त्याच्या नाल्या, त्याचा मातीचा थर त्या पावसाने घडवलेले असतात. म्हणून उंबरठा स्थानिक नोंदींवरूनच काढायचा, आणि त्यात आधीच्या आठ-पंधरा दिवसांचा पाऊसही धरायचा. वरच्या हिशेबातलं "अर्धं पाणी" आधीच्या दिवसांतूनच चढलेलं असतं.

नोंद कुणी केली?

आता माझ्या नकाशाच्या चुकीकडे. दरडींची यादी मी बातम्या, रस्त्याच्या कामाच्या नोंदी आणि स्वतःच्या फेऱ्यांमधून केली होती. परिणाम : बहुतेक ठिपके रस्त्यालगत. समजा, रस्त्याच्या शंभर मीटरच्या आतला भाग एकूण क्षेत्राच्या ५ टक्के आहे आणि ३० टक्के दरडी तिथे आहेत. तर वारंवारता गुणोत्तर आलं ६. म्हणजे रस्ता धोकादायक? असेलही, वर पाहिलंच की कापणीने उतार कमजोर होतो. पण दुसरी शक्यताही आहे : रस्त्यावरची दरड वाहतूक अडवते म्हणून नोंदली जाते, आणि जंगलात आत कोसळलेली कुणी बघतही नाही. दोन्ही कारणं एकाच आकड्यात मिसळलेली असतात. ती वेगळी करायचा मार्ग एकच : रस्त्यापासून लांबचे भागही उपग्रहावरून आणि पायी तेवढ्याच कसोशीने शोधायचे.

इस्रोने २०२३ मध्ये देशाचा भूस्खलन ॲटलस काढला, १९९८ ते २०२२ मधल्या सुमारे ८०,००० दरडींचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रवणता नकाशेही आहेत. दोन्ही जरूर वापरा. पण ३० मीटरची, दोन ट्रक भरतील एवढी दरड अशा यादीत येईलच असं नाही. मेळघाटातल्या बऱ्याच दरडी याच मापाच्या. त्यांच्यासाठी गावातल्या जुन्या माणसाजवळ बसावं लागतं. "कोणत्या साली?" असं विचारलं तर उत्तर येत नाही. "पोरगा किती मोठा होता तेव्हा?" असं विचारलं की येतं.

सोपी परीक्षा, खोटे गुण

मॉडेलला शिकवायला दरडीचे बिंदू लागतात आणि दरड नसलेलेही. मी दुसरे बिंदू दोन्ही जिल्ह्यांतून कसेही उचलले. दोन्ही जिल्हे बहुतांश सपाट, त्यामुळे बहुतेक बिंदू पूर्णेच्या काळ्या मातीत पडले. मॉडेलने एवढंच शिकलं : डोंगर लाल, सपाटी हिरवी. परीक्षा सोपी होती म्हणून गुण चांगले आले.

दुसऱ्या वेळी मी सपाट भाग आधीच वगळला. फक्त १५ अंशांच्या वरचे उतार ठेवले. शिवाय तपासणीसाठी बिंदू विखरून न घेता अख्खं एक खोरं बाजूला ठेवलं : गडगा नदीच्या भागावर शिकवायचं, सिपनेच्या भागावर तपासायचं. शेजारशेजारचे दोन बिंदू जवळपास सारखेच असतात. एक शिकवायला आणि दुसरा तपासायला वापरणं म्हणजे पेपर फोडूनच परीक्षा घेणं. एयूसी बराच खाली आला. वाईट वाटलं. पण हा आकडा खरा होता, आणि पहिल्यांदाच नकाशा डोंगराच्या आत भेद करू लागला : हा उतार, तो नाही.

नकाशा कुणाच्या दारात जातो

इर्शाळवाडीनंतर सरकारने सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतीच. संशोधक म्हणून हे वाक्य मी विसरू शकत नाही. आपण "हिरवं" रंगवलं म्हणजे कुणीतरी निर्धास्त झोपणार. आणि "लाल" रंगवलं म्हणजे कुणालातरी गाव सोडायला सांगितलं जाणार. मेळघाटात पुनर्वसन हा शब्द आधीच जड आहे. तिथे चुकीचा लाल रंगही फुकटचा नसतो.

म्हणून तीन शब्द वेगळे ठेवा. प्रवणता म्हणजे कुठे घडू शकतं. धोका म्हणजे कुठे, किती काळात, किती शक्यतेने. जोखीम म्हणजे त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे. बहुतेक प्रबंध पहिल्यावर थांबतात आणि शीर्षकात तिसरा लिहितात. तुमच्या नकाशात वेळेचा हिशेब नसेल, तर त्याला धोक्याचा नकाशा म्हणू नका. जिथे मॉडेलला खात्री नाही तिथे लाल-हिरव्याऐवजी राखाडी रंग द्या; त्याने नकाशा कमी देखणा होतो, पण प्रामाणिक होतो.

पुढचा पावसाळा आला की एक काम करा. तुमच्या जवळचा कुठलाही घाट निवडा, पहिल्या पावसाआधी कापलेल्या कडांचे फोटो काढा, प्रत्येकाचं अक्षांश-रेखांश लिहा, आणि सप्टेंबरअखेर त्याच जागांवर उभं राहून पुन्हा काढा. पाइपची तोंडं, लाल रेघा, नवे झरे, वाकलेली झाडं टिपून ठेवा. खर्च एसटीच्या तिकिटाचा. पीएच.डी.ला प्रवेश मिळायच्या आधीच तुमच्याकडे अशी एक यादी असेल, जी कुणाच्याही सर्व्हरवर नाही. माझ्या नकाशाला जे सहा महिने उशिरा कळलं, ते तुमच्या नकाशाला पहिल्याच दिवशी कळेल.